बिनतारी विचारपूस

बीडच्या आमच्या शाळेत बिनतारी मंडळ काढले ते मी, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गावात नाव झाले ते भलत्याचेच. सन १३४६ फसलीची गोष्ट, म्हणजे निजामाच्या राज्यातले, इंग्रजी १९३६ साल. परवान्यासाठी हैदराबादला अर्ज लिहिला तो मी, विज्ञानाच्या कपाटात धूळ खात पडलेले यंत्र झाडले ते मी, आणि शाळेच्या छपरावर तारेचे दोन बांबू उभे करून घेतले तेही मीच. त्यामुळे मंडळाचा सदर, म्हणजे अध्यक्ष, अर्थातच मी होतो. मला मोर्सचे कडकट्ट येत नव्हते, हे खरे. पण सदराला ते कशाला यायला हवे? जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांना तरी कुठे नांगर धरता येत होता? जिल्हा चालतच होता की!

कडकट्ट वाजवायला सुग्रीव होता. हा कडा गावचा. त्याचा मामा परळी स्टेशनात तारबाबू, त्यामुळे दर सुटीत मामाच्या खुर्चीशेजारी बसून हा मोर्स शिकला होता. हात असा चालायचा की मधे श्वास घेतो की नाही अशी शंका यावी. तारेवरची माणसे म्हणे एकमेकांना अशा हातावरूनच ओळखतात.

त्या साली हैदराबादच्या एका हौशी मंडळाने रियासतभरच्या बिनतारी मंडळांची स्पर्धा लावली. शुक्रवारी सूर्योदय ते सूर्यास्त. हवेतून दुसऱ्या गावच्या मंडळाला, म्हणजे ठाण्याला, गाठायचे, आपला नंबर द्यायचा, त्याचा घ्यायचा, की झाले एक ठाणे. अर्ध्या मिनिटाचे काम. आमचे हेडमास्तर दिलावर हुसेन साहेब यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितले, की वीस ठाणी झाली तर मंडळ राहील. एकोणीस झाली तरी यंत्र परत कपाटात आणि खोली परत ड्रिलमास्तरांच्या डंबेल्सना. मी छाती काढून म्हणालो, साहेब, वीस तर आम्ही न्याहारीच्या आत करू.

बीडला तेव्हा वीज कुठली? बॅटरी आणली रहमतुल्लाच्या मोटारीची. शुक्रवारी त्याची प्रवासी सर्व्हिस बंद असायची. संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर त्याने ती दिली.

सूर्य उगवला आणि सुग्रीवने सुरुवात केली. काय तो आवाज! क्षणाची उसंत नाही. मी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, ऐका, ही बीडची कर्तबगारी आहे. नऊ वाजता हेडमास्तर डोकावले तेव्हा मी अंदाजे तीसचा आकडा सांगून टाकला. ते माशाअल्ला म्हणून गेले.

दहा वाजता मी वही पाहिली. तीन ठाणी! सूर्योदयापासून तीन! आणि नंबरापुढे लिहिले होते ते असे. गुलबर्गा : बहिणीचे लग्न ठरले, मुलगा रेल्वेत. वरंगळ : थंडीताप, चार दिवस, काढा सांगितला. नांदेड : आजी पडली, हाड शाबूत.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे काय आहे, असे विचारले तर सुग्रीव माझ्याकडेच चकित होऊन बघू लागला. त्याचे म्हणणे असे, की परळीला मामा सकाळी तारेवर बसला की आधी लायनीवरच्या सगळ्या स्टेशनांची ख्यालीखुशाली विचारतो, मग गाड्यांचे काम.

"कसा हायेस म्हनून न इचारता नंबर कसा मागायचा, शहादू?" तो म्हणाला. "आपुन काय पोलीस हाव व्हय?"

मी त्याला खुर्चीवरून उठवले आणि स्वतः बसलो. मोर्सचा तक्ता भिंतीवर डकवलेलाच होता. त्यात बघून बघून मी बीडची चार रोमन अक्षरे वाजवली. पंधरा मिनिटे लागली, पण वाजवली. पलीकडून धडाधड उत्तर आले. मला त्यातले एक अक्षर कळेल तर शपथ. सुग्रीव हाताची घडी घालून मागे उभा होता.

"त्यो इचारतोय, हात दुखतोय का," तो शांतपणे म्हणाला. "दुखत आसंल तर त्याल लाव म्हनतोय."

मी खुर्ची सोडली. करार झाला, की प्रत्येक ठाण्याला एकच प्रश्न, फार तर दोन. मग गाडी जरा रुळावर आली. एक वाजेपर्यंत अकरा झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात रहमतुल्ला आला. नांदेडचे पोरगे हवेत भेटते, हे त्याला बाजारात कळले होते. त्याची नसीम नांदेडला दिली होती. तिचे पोर चालायला लागले का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी त्याला स्पर्धेचे नियम समजावून सांगितले.

"बॅटरी किसकी है बे?" तो म्हणाला. "मेरीच ना? फिर पूछ."

झाले! नांदेडचा पोरगा नसीमचे घर शोधत गेला. आमची खुर्ची पाऊण तास अडून राहिली. पोर चालत होते, सहा पावले. रहमतुल्लाने डोळे पुसले आणि साऱ्यांना सीताफळे वाटली. मी खाल्ले नाही. खरे सांगायचे तर रागारागात दोन खाल्ली.

तरीही साडेचारला सतरा झाली. तीन उरली आणि हातात दीड तास. हेडमास्तर आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत वही पुढे केली. आकडा बघून जातील असे वाटले होते. ते बसले आणि एकेक ओळ वाचू लागले. गुलबर्ग्यापाशी थांबले. त्यांची आई गुलबर्ग्याला एकटी होती, आणि तीन आठवडे तिचे पत्र आले नव्हते. शाळेत हे कोणालाच माहीत नव्हते.

"हे ठाणं परत मिळेल?" त्यांनी सुग्रीवला विचारले.

मी अदबीने सांगितले, की साहेब, गुलबर्गा एकदा झाले, दुसऱ्यांदा धरत नाहीत.

"मालूम है, मियाँ," ते म्हणाले.

गुलबर्ग्याच्या पोराचा भाऊ सायकलवरून साहेबांच्या आईच्या मोहल्ल्यात गेला. आम्ही वाट पाहत बसलो. दुसरे ठाणे घ्यावे म्हणून मी सुग्रीवला कोपर मारले, तर तो म्हणाला, तेवढ्यात गुलबर्गा बोलला आणि चुकला तर? ऊन भिंतीवरून वर सरकत होते आणि मी आतल्या आत जळत होतो. शेवटी कडकट्ट आले. आईचे मनगट मोडले होते, म्हणून पत्र लिहिता येत नव्हते. आता बरे होते. दिलावर अजून रात्री उशिरा जेवतो का, असे तिने विचारले होते.

हेडमास्तरांनी तोंड भिंतीकडे केले. बाहेर मगरीबची अजान झाली. सूर्यास्त! सतरा!

मला राहवले नाही. "साहेब, शेवटची तीन तुम्हीच खाल्लीत," मी म्हणालो. माझा आवाज फाटला होता, कारण मला डंबेल्स दिसू लागले होते.

हेडमास्तर रागावले नाहीत. हार ती हार, ते म्हणाले, पण खोली मंडळाचीच राहील. मी आनंदाने आभाराचे भाषण सुरू करणार, एवढ्यात त्यांनी सुग्रीवच्या खांद्यावर हात ठेवला.

"मगर सदर वो रहेगा," ते म्हणाले, "जिसे पूछना आता है."

मंडळ माझे! अर्ज माझा! बांबू माझे! आणि सदर तो, ज्याने सबंध दिवस वेळ घालवला! हा अन्याय मी आजही विसरलेलो नाही. त्याच ईर्ष्येने मी संक्रांतीपर्यंत मोर्स शिकलो, अगदी पक्के. एका शुक्रवारी सुग्रीव कड्याला गेला होता. मी खुर्चीवर बसलो, वरंगळ गाठले, आणि नंबरबिंबर काही न मागता, एकही अक्षर न चुकता विचारले, तुमची तब्येत कशी आहे?

उत्तर लगेच आले. मी एकेक अक्षर कागदावर उतरवून घेतले आणि मग वाचले.

"बरी आहे. सुग्रीव कुठे आहे?"