बियाला राखलेला माठ

पारूआत्यांनी बियाला राखलेला माठ मी कापला आणि नाव आमच्या माळ्याचं सांगितलं. हे आधीच कबूल करतो. नाहीतर पुढे वाचताना मी भला शेजारी वाटेन.

भूगावला आमच्या शेजारच्या बंगल्यात आत्या राहतात. मुलगा-सून दिवसभर कंपनीत. आपल्या गावाहून, रिह्याहून, राहायला येताना त्यांनी फडक्यात बांधून माठाच्या भाजीचं बी आणलं, सुनेनं लावलेलं लॉन उपटलं आणि तिथं आपलं गणगोत वसवलं. गणगोत हा त्यांचाच शब्द. तांबडा माठ म्हणजे थोरली जाऊ. राजगिरा म्हणजे सासरा, "उपासाला पयला, आन मान कायम खाली." काटेमाठ हा दारुडा दीर. माझी बायको एकदा तो उपटायला गेली, तर आत्या ओरडल्या, "ऱ्हाऊ दे गं! टोचतोय, पन घरचाच हाय. जाईल कुटं?" कुंडीतल्या कोंबड्याच्या फुलझाडाला मात्र पाण्याबरोबर टोमणाही मिळे. "नणंद हाय ममईची. नुसता तुरा मिरवतीया, ताटात कदी आली न्हाई."

एक दिवसाआड ओळीतल्या प्रत्येक दारावर त्यांची थाप पडे. बेल त्या वाजवत नाहीत. जुडी हातात देऊन उंबऱ्यावरच बसत. "लसूण ठेचून घाल, पानी घालू नगंस," इथून सुरुवात होई आणि रिह्यातल्या म्हशीच्या आजारपणापर्यंत गाडी जाई. मी घरून काम करतो. कामाच्या फोनवर असताना ती थाप ऐकली की माझ्या कपाळाला आठी पडे.

लेकीचा साखरपुडा घरीच होता. कुंपणालगतचा तो माठ पुरुषभर वाढून कलला होता. पानं किडलेली, तुरा वाळत आलेला. फोटोत गबाळा दिसेल म्हणून सकाळीच कोयत्यानं कापला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. आणखी आठ दिवसांत त्याचं बी हाती आलं असतं. बाकीचा सगळा जुड्या करून वाटून झाला होता; रिह्याच्या वाणाचं तेवढंच झाड उरलं होतं. आत्या गाडीमागं चौकापर्यंत धावल्या, पण गाडी निघून गेली होती.

"कुनी कापला रं?"

"माळ्यानं असेल," मी म्हणालो.

त्यांनी माळ्याला फाटकातच गाठलं. "दिस भरल्याली बाई कुनी कापतं व्हय रं?" तो शपथा घेत राहिला. मी खिडकीत उभा राहून ऐकत होतो.

दुकानातून बियांचं पाकीट आणून दिलं, तर त्यांनी परत केलं. "ह्ये कुनाचं? वळख ना पाळख."

थापा थांबल्या. एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर आत्या आमच्या दाराशी हात उचलून उभ्या होत्या. हात खाली घेऊन त्या वळल्या. मी बाहेर आलो.

"आत्या, या ना आत."

"नगं. हात मोकळं हायेत."

"मग काय झालं?"

"भाजी आसली की दार उघडतंय, बाबा. नुसतं बोलाया आले म्हनलं, तर समदी घड्याळाकडं बघत्यात." त्या हसल्या आणि निघून गेल्या. मीही किती वेळा घड्याळाकडं पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी आधी माळ्याकडे गेलो. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "मला काय सांगता साहेब, आजींना सांगा."

आत्यांच्या दारावर थाप मारली.

"काय काम काढलंस?" त्यांनी विचारलं.

"आत्या, माठ माळ्यानं नाही, मी कापला. तुमच्या तोंडावर खोटं बोललो, त्याला शिव्या खाऊ दिल्या. चुकलो मी. मला माफ करा."