अकराच्या गाडीने वसंत

कुंभेशेतला वसंत ऋतू एस.टी.ने येतो, तीन मार्चला, अकराच्या गाडीने; आणि गावात सुतक असेल तर तो खाली न उतरता त्याच गाडीने परत जातो. यात नवल असं काही नाही. ऋतू झाला तरी पाहुणाच तो, सुतकाच्या गावात कसा उतरेल?

गेल्या वर्षी गाडी घाटात असतानाच सरपंच शांताराम उतेकरांना सुरतेहून फोन आला, की भावकीतली एक म्हातारी वारली. कुंभेशेतात सगळे उतेकर, सगळी एकच भावकी. सुतक लागतं ते मरणाने नव्हे, मरणाची बातमी ऐकल्याने. सरपंचांनी ती ऐकली ती ऐकली, वर स्टँडवर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगितली. वसंताने खिडकीतून हात जोडले आणि गाडी वळली. त्यानंतर गावाने आपापले फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. वसंत दर महिन्याच्या तीन तारखेला येऊन चौकशी करायचा आणि दर महिनाअखेर थंडीने कुणीतरी म्हातारं नेलेलं असायचं. दहा दिवसांचं सुतक बरोबर तीन तारखेला आडवं यायचं. असा हिवाळ्याला सतरावा महिना लागला.

सगुणाबाईंच्या शेजारच्या सुलभाची मुलगी या हिवाळ्यातच जन्मली होती. सहा महिन्यांची झाली तरी ती गोधडीतून बाहेर आली नव्हती. सुलभा गोधडीत हात घालून तिची पावलं चाचपायची आणि ती गार लागली की सगुणाबाईंना हाक मारायची. सगुणाबाई तव्यावर फडकं गरम करून घेऊन जायच्या. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. नवरा होता, धाकू अण्णा, एकोणऐंशी वर्षांचे, आणि गावात आता मरणाला टेकलेले तेवढेच उरले होते.

म्हणून फेब्रुवारीच्या ग्रामसभेत ठराव आला. ग्रामसेवक भोईर भाऊसाहेब बाहेरगावचे; त्यांनी तो नेहमीच्या संथ आवाजात वाचला. 'श्री. धाकू उतेकर यांनी तीन मार्च ते तीन मे, म्हणजे वसंत गावात असेपर्यंत, मरू नये.' अण्णांना बाजेवर घालून सभेला आणलं होतं. ते आयुष्यात कधी गावाच्या विरोधात गेले नव्हते. त्यांनी बाजेवरूनच हात वर केला. शेजारी बसलेल्या सगुणाबाईंनीही केला. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सगळ्यांना गुळाचा चहा मिळाला.

तीन मार्चला सकाळी नऊ वाजता अण्णांनी डोळे उघडले.

"गाडी आली का गं?"

"अजून येळ हाय."

"बरं," अण्णा म्हणाले आणि गेले.

सगुणाबाईंनी त्यांच्या नाकाशी हात धरला. मग बराच वेळ नुसताच धरून ठेवला. चोपन्न वर्षांचा संसार. त्यांच्या पोटातून हंबरडा वर आला आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. भिंतीपलीकडे सुलभा होती. हंबरडा ऐकला की सुतक, सुतक लागलं की गाडी परत, आणि ती पोर आणखी महिनाभर तरी गोधडीत. त्यांना अण्णांचा राग आला. दोन तास, फक्त दोन तास थांबायचं होतं! मग ठरावातल्या दोन महिन्यांचं आठवलं, आणि राग कुणावर धरावा तेच त्यांना कळेना. हात तर आपणही वर केला होता.

दारात सरपंचांचा आवाज आला. "काकी, ताट तयार हाय न्हवं? मानाची सवाष्ण तू. आन् अण्णा कसं हायत?"

सगुणाबाईंनी अण्णांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"निजलेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी भाकरी भाजली, ताटात निरांजन आणि कुंकवाची कोयरी ठेवली. आरशात बघून कपाळावरचं कुंकू पुन्हा एकदा ठळक केलं. ते जरा मोठंच लागलं.

गाडी अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. वसंत पुढच्या दाराशी उभा होता. किडकिडीत, पन्नाशीचा, हातात कापडी पिशवी, आणि घाटाने चेहरा उतरलेला. भोईर भाऊसाहेबांनी सुतक नसल्याचा दाखला वर केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"सरपंचांची सही कोणती?"

"ही. शिक्क्याखालची."

"आणि या बाई?"

"आमच्या सगुणाकाकी. गावातली थोरली सवाष्ण," सरपंच म्हणाले.

वसंताने सगुणाबाईंकडे पाहिलं. "तुमच्याकडे सगळं ठीक?"

ताटातली निरांजनाची वात हलत होती, वारा नसताना.

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही उतरा."

त्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, औक्षण केलं. तो उतरला. स्टँडमागच्या काटेसावरीला एक फूल आलं, मग दहा आली, मग मोजायची सोय राहिली नाही. ढोल वाजले. सुलभाने मुलीला गोधडीतून काढलं. तिची पावलं गुलाबी होती. सुलभा ती पावलं बघून इतकी रडली, की सगुणाबाईंना तिचा हेवा वाटला.

गर्दीतून त्यांनी सरपंचांना गाठलं. "शांताराम, तुझा काका…"

सरपंचांनी दोन्ही कान झाकले. त्यांचे डोळे भरले होते. "काकी, पाया पडतो. काय बी बोलू नको. चार मेला बोल. चार मेला मी स्वतः तुझ्या दारात येऊन ऐकीन."

त्या सुलभाकडे वळल्या. सुलभा पोरीला छातीशी घट्ट धरून दुसरीकडे बघायला लागली. त्या चार घरं फिरल्या. प्रत्येक घरात त्यांना साखर मिळाली आणि प्रत्येक घराने ढोल मोठा वाजवायला सांगितला. सगळ्यांना कळलं होतं. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं.

सगुणाबाई घरी येऊन उंबऱ्यावर बसल्या. थोड्या वेळाने वसंत तिथे आला. गर्दीत राहिलेलं त्यांचं ताट त्याने परत आणलं होतं.

"मी सुतकातच ओवाळलं तुम्हाला," सगुणाबाई म्हणाल्या. "नऊ वाजता गेले ते."

"वात हलत होती," वसंत म्हणाला. "मी पाहिलं."

"मग आता परत जाणार?"

"गावाने ऐकलं असतं तर गेलो असतो. माझं काय, मी भावकीतला नाही. मला सुतक लागत नाही." तो आत डोकावला. "खांद्याला किती जण आहेत?"

"कुणीच न्हाय."

त्याने पिशवी खुंटीला अडकवली आणि स्टँडवर गेला. गाडीला परत निघायला दोन वाजेपर्यंत अवकाश होता. तो ड्रायव्हर आणि कंडक्टरला घेऊन आला, दोघे परगावचे. भोईर भाऊसाहेब दाखल्यांची फाईल बगलेत मारून स्वतःहून आले. चार खांदे झाले. तिरडी वसंताने बांधली. त्याला ते काम सफाईने येत होतं.

मडकं सगुणाबाईंनी धरलं. वाटेत एकेक दार आतून बंद झालं. चावडीपाशी उभी असलेली माणसं पाठ करून भिंतीकडे बघत राहिली. सरपंचांची पाठ हलत होती. ओढ्याकाठी चिता पेटली तेव्हा गावातला ढोल थांबला नव्हता. सगुणाबाईंना तिथे तरी मोकळं रडायचं होतं. पण वारा गावाकडे वाहत होता, म्हणून त्या रडल्या नाहीत. कंडक्टर रडला. अण्णांनी त्याला एकदा ताक पाजलं होतं म्हणे.

दोनची गाडी दोन वाजून वीस मिनिटांनी सुटली. भाऊसाहेबांनी उशिराचं कारण 'प्रवासी' असं लिहून दिलं.

संध्याकाळी सगुणाबाईंनी कुंकवाची कोयरी हातात घेतली, कुंकू पुसायला म्हणून बोट कपाळाशी नेलं, आणि कोयरी तशीच फळीवर ठेवली. गावाने ऐकेपर्यंत त्या सवाष्णच होत्या.

सकाळी अंगणात आंब्याच्या मोहोराचा सडा पडला होता. त्या झाडायला बाहेर आल्या तर रस्त्यावर सरपंच उभे होते. त्यांनी बंडीची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"काकी," ते म्हणाले, "अण्णा कसं हायत?"

सगुणाबाईंनी मोहोर एका बाजूला लोटला. चार मेला एकसष्ट दिवस होते.

"निजलेत," त्या म्हणाल्या.