ढगातून परत आलेली बोळकी

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. (डोळे मिटले तर वाचणार कसं, ही शंका अगदी बरोबर आहे. मग एकच मिटा!) आता कल्पना करा. तुमच्यासमोर एक लांबलचक दोरी बांधली आहे. दोरीवर कपडे नाहीत, फोटो लटकताहेत. प्रत्येक फोटोत तुमच्याएवढं एखादं मूल खदाखदा हसतंय आणि प्रत्येकाच्या तोंडाची एखादी खिडकी सताड उघडी आहे! श्रेयाचा वरचा दात गायब, राजकुमारचे खालचे दोन गायब आणि बिभीषणचं तर काय सांगावं! त्याच्या तोंडातून आगगाडी आत जाऊन वळून परत यावी, एवढा बोगदा!

ही सगळी बोळकी टिपली होती आमच्या योगिनीनं. योगिनी तिसरीत शिकते. औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत आमचं घर आहे. नोकरी संपली, पण माझी शिकवायची खोड काही संपली नाही. म्हणून योगिनीसकट गल्लीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात आणि मला 'बाई' म्हणतात. माझा जुना मोबाईल मी योगिनीला खेळायला दिला होता. तिनं खेळ सोडून वेगळंच काम काढलं. दात पडला की आपल्याकडं तो छपरावर फेकून उंदीरमामाला द्यायची पद्धत आहे ना? योगिनीनं नियमच केला: आधी फोटो, मग उंदीर! फोटो काढल्याशिवाय एकही दात छपरावर जायचा नाही. वर्षभर मुलं रडत रडत दात पाडायची आणि हसत हसत योगिनीसमोर उभी राहायची.

आता ऐका महत्त्वाची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात योगिनी दरवर्षी झाड व्हायची. नाटक कुठलंही असो, हिच्या हातात दोन फांद्या! यंदा मात्र शाळेनं तिला व्हरांड्यातली अख्खी दोरी दिली होती. वर फलक लागणार होता, 'योगिनीने टिपलेली बोळकी'. झाडाला पहिल्यांदाच नाव मिळणार होतं!

"बाई, फोटो नीट ऱ्हातील ना?" तिनं मला विचारलं.

"अगं, काय बोलतेस!" मी छाती फुगवून म्हणाले. "या अख्ख्या शहरात माझ्या वयाच्या कुठल्या बाईला माझ्याइतका कॉम्प्युटर येत असेल, तर तिनं हात वर करावा!"

कुणीच हात वर केला नाही. खोलीत फक्त आमचे लक्ष्मणराव मटार सोलत बसले होते.

संमेलनाला आठवडा असताना फोटो मी लॅपटॉपवर घेतले. तिथून ते आपोआप 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर, जाऊन बसले. मोबाईल भरला होता, म्हणून त्यातले पुसून टाकले. एक फोटो तर लॅपटॉपवर दिसताच मी सगळ्यात आधी, मोठ्या आनंदानं उडवला होता. मी माझी कवळी वाटीत काढून ठेवून चूळ भरत होते, तेव्हा या पोरीनं मागून येऊन "बाई!" अशी हाक मारली आणि मी वळताच, खटाक्! तो फोटो जगाला दिसण्याआधीच मी त्याची विल्हेवाट लावली. असो. त्याचा इथं काही संबंध नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला, तर तो म्हणतो, जागा संपली! मुलांनो, शिक्षकाच्या हाताला एक सवय असते. मुलांनी वहीत उतरवून घेतलं की फळा पुसायचा. पुढच्या तासाच्या शिक्षकाला फळा स्वच्छ मिळाला पाहिजे! मी मनात म्हटलं, फोटो क्लाउडमध्ये गेले, म्हणजे वहीत उतरले. आता लॅपटॉपचा फळा पुसायला काय हरकत आहे?

सगळे फोटो निवडले आणि पुसले. मध्ये एक चौकट येऊन काहीतरी लांबलचक विचारत होती. 'आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा,' असं पिढ्यानपिढ्या मुलांना बजावणाऱ्या या बाईनं तो प्रश्न अजिबात न वाचता 'हो' दाबलं! तेवढ्यात गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. लक्ष्मणराव मटाराची सालं घेऊन धावले, आणि मलाही जोर चढला. मी लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी केली. स्वच्छ! चकाचक!

मग औरंगपुऱ्यातल्या फोटोवाल्याकडे फोटो छापायला पाठवावेत, म्हणून क्लाउड उघडला.

उन्हाळ्यातलं आकाश पाहिलंय? एकही ढग नाही, एकही पक्षी नाही. तस्सं!

"अहो!" मी किंचाळले. लक्ष्मणराव बादलीसकट आत आले.

आता तुम्हाला समजावून सांगते, म्हणजे तुम्ही असं करणार नाही. मी क्लाउडला वही समजले होते, पण तो निघाला आरसा! इकडं तुम्ही टिकली लावली की आरशात टिकली दिसते. इकडं काढली की तिकडचीही जाते. लॅपटॉपवरचे फोटो पुसले, क्लाउडनं मान डोलावली आणि आपलेही पुसले. त्या न वाचलेल्या चौकटीत हेच लिहिलेलं होतं!

"एवढं काय रडायचं?" लक्ष्मणराव म्हणाले. "पुन्हा काढा फोटो."

"अहो, दात आलेत सगळ्यांना! बिभीषण ऊस सोलून खातोय!"

"मग..." लक्ष्मणरावांनी थोडा विचार केला. "पाडता नाही का येणार?"

मी त्यांना मटारांकडे पाठवलं आणि आयुष्यभर मुलांना जे सांगितलं ते शेवटी स्वतः केलं. शांत बसले आणि क्लाउडची मदतीची पानं पहिल्या ओळीपासून वाचली. आणि सापडलं! क्लाउडची स्वतःची वेगळी कचरापेटी असते! आपण पुसलेलं तो लगेच फेकत नाही, महिनाभर तरी जपून ठेवतो. जशी मी वर्गात सापडलेली खोडरबरं टेबलाच्या खणात ठेवायचे.

"सापडले हो, सापडले!" मी खुर्चीवरून अशी उठले की कवळी हलली.

पण त्या पेटीपर्यंत जायला पासवर्ड हवा होता. तो मी विसरले होते. क्लाउड म्हणाला, हरकत नाही, तुमच्या मोबाईलवर एक कोड पाठवतो. कुठल्या मोबाईलवर? खातं उघडलं होतं त्या जुन्या! तो कुणाकडं? योगिनीकडं! आणि योगिनी कुठं? लासूर स्टेशनला, आजीकडं, धाकट्या चुलतभावाच्या जावळाला!

मी फोन लावला. आता तिला कसं सांगू की तुझी बोळकी मी उडवली? म्हटलं, आधी कोड घेऊ, फोटो परत आणू, तिला कळायचंही नाही.

"योगिनी बेटा, तुझ्या मोबाईलवर एक कोड आला असेल. तेवढा सांग पटकन."

"कशाला पायजे?" ती म्हणाली.

"ते नंतर सांगते. तू घाई कर बाळा, कोड थोडाच वेळ चालतो!"

तिचा एकदम कडक आवाज आला. "आमच्या बाईंनी शिकवलंय. कोड कुणालाच सांगायचा नाय. आवाज वळखीचा असला तरी नाय. जो कारण सांगत नाय आन् घाई करतो, तो चोर!"

मुलांनो, हा धडा मीच शिकवला होता. तिच्याकडून पाठ करून घेतला होता. त्यातली चोराची सगळी लक्षणं मी एका दमात पूर्ण केली होती!

"अगं, मीच ती बाई!"

"असंच म्हणतात चोर! आज्जे, हे बघ गं, कुणीतरी बाईंचा आवाज काढतंय!"

फोन तिच्या आजीच्या, आक्काबाईंच्या हातात गेला. मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेल्या आक्काबाईंचा आवाज डोंगर ओलांडून जातो. मी फोन कानापासून लांब धरला, तरी स्वयंपाकघरातल्या पातेल्यावरचं झाकण वाजलं.

"काहून रे मुडद्या! लेकराला फसवतो व्हय? ये इकडं, मेंढरासारखी लोकर उतरवते तुझी!"

फोन बंद. पुन्हा लावला, लागेना. नंबर ब्लॉक करायचा कसा, हेही मीच शिकवलं होतं. मग लक्ष्मणरावांनी त्यांच्या फोनवरून प्रयत्न केला. "नमस्कार आक्काबाई, मी लक्ष्मणराव बोलतोय..."

"आता नवऱ्याचा आवाज काढतोय!" एवढं ऐकू आलं आणि तोही नंबर गेला.

आता एकच उपाय. फोटोवाला संध्याकाळी दुकान बंद करणार होता. मी लॅपटॉपला धूळ लागू नये म्हणून शालीत गुंडाळलं, लक्ष्मणरावांच्या मांडीवर दिलं आणि आम्ही लासूरकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसलो. जीप अशी भरली होती की माझा एक पाय माझाच आहे का, याची खात्री होईना. लक्ष्मणराव प्रत्येक खड्ड्याला शाल छातीशी धरत होते. शेवटी शेजारच्या बाईंना राहवलं नाही.

"नात हाय का नातू?" त्यांनी हळूच विचारलं. "लई शांत हाय हो."

"बॅटरी उतरलीय जरा," लक्ष्मणराव म्हणाले. बाई उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लासूर स्टेशनला आक्काबाईंच्या अंगणात जावळ ऐन रंगात आलं होतं. मामाच्या मांडीवर बाळ, समोर न्हावी, भोवती पाहुणे, कडेला मेंढरं. आम्हाला पाहताच आक्काबाई हरखल्या.

"आगं बया! बाई आल्या! जावळासाठी एवढ्या लांबून! लई मोठं मन हाय. बसा, आधी जेवा. आन् बाई, सकाळी काय झालं ठाव हाय का? एक चोर तुमचा आवाज काढून फोन करत व्हता. असा झापला त्याला!"

"ऐकलं मी," मी म्हणाले. "म्हणजे... बरं केलंत."

लक्ष्मणराव तोवर पाटावर बसलेही होते.

मी योगिनीला बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. फळा, वही, आरसा, कचरापेटी, सगळं. तिचे डोळे भरले. खालचा ओठ हलायला लागला.

"समदेच गेले, बाई?" ती म्हणाली. "मग उद्या दोरीवर काय लावायचं? पुन्यांदा झाडच व्हायचं का मी?"

त्या क्षणी मला फोनवरची आक्काबाईंची शिवी अगदी योग्य वाटली.

"नाही!" मी म्हणाले. "चल!"

रेंज फक्त मेंढवाड्याजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर येत होती. आम्ही दोघी ट्रॉलीवर चढलो. मेंढरं खालून माना वर करून बघू लागली. योगिनीच्या मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं, पुन्हा कोड मागवला. टिंग! मी हात पुढे केला.

"सांगायचा नाय," योगिनी म्हणाली आणि परीक्षेत शेजारणीला उत्तर दिसू नये तसा हात आडवा धरून तिनं स्वतःच कोड टाइप केला! मी तोंड फिरवून मेंढरांकडं बघत राहिले. शिकवलेलं वाया गेलं नाही, याचा असा अभिमान मला क्वचितच वाटला असेल.

दार उघडलं. कचरापेटी उघडली. आणि आत, मुलांनो, सगळी बोळकी जशीच्या तशी, दाटीवाटीनं बसलेली!

"हायेत!" योगिनी ओरडली. "बाई, हायेत! बिभीषणबी हाय!"

या वेळी चौकट आली तेव्हा मी ती पूर्ण वाचली, मोठ्यानं वाचली, एकदा योगिनीकडूनही वाचून घेतली. 'पेटीतले सगळे परत आणायचे?' आम्ही दोघींनी मिळून 'हो' दाबलं. एकेक चौकोन टपाटप उगवायला लागला. पाहुणे पाट सोडून धावत आले. न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला. अर्धं डोकं भादरलेलं बाळ रडायचं विसरलं. आक्काबाईंनी प्रत्येक बोळक्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली, आणि मेंढरांनी तर असा गजर केला की मला माझ्या निरोप समारंभाची आठवण झाली. तिथं एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या!

तिथूनच मी फोटो फोटोवाल्याला पाठवणार होते. पण योगिनी म्हणाली, "बाई, तुम्ही दमलात. तुम्ही जेवा. मी धाडते." मी जिंकलेल्या सेनापतीसारखी ट्रॉलीवरून उतरले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसून शाळेत गेले. व्हरांड्यात ही गर्दी! आईबाप आपापल्या मुलांची बोळकी शोधत होते, हसत होते. फलकाखाली योगिनी उभी होती, हातात एकही फांदी नव्हती. दोरीच्या सुरुवातीला कालच्या बाळाचा नवाकोरा फोटो होता: अर्धं डोकं चकचकीत, तोंडात अजून एकही दात उगवलेला नाही. मी कौतुकानं एकेक फोटो पाहत पुढं निघाले. शेवटच्या टोकाला मात्र सगळ्यात जास्त गर्दी होती आणि लक्ष्मणराव पोट धरून हसत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटीतले 'सगळे' परत आणायचे का, असं त्या चौकटीनं विचारलं होतं. मी ते पूर्ण वाचलं होतं. पण पेटीत सगळ्यात आधी मी काय टाकलं होतं?

दोरीच्या टोकाला, बाकीच्या फोटोंपेक्षा दुप्पट मोठा करून छापलेला, चूळ भरतानाचा माझा फोटो लटकत होता. कवळी वाटीत, तोंड उघडं, बोगदा बिभीषणपेक्षाही मोठा! खाली योगिनीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या बाई. यांचे दात अजून यायचेत.'

मी हात कपाळावर मारून घेतला आणि हसू आवरेना. तेवढ्यात योगिनीनं काय केलं माहीत आहे? मोबाईल वर धरला, म्हणाली, "बाई, तश्शाच ऱ्हावा!" आणि खटाक्! फोटो काढला. मग मोबाईल घट्ट छातीशी धरून ती जी पळाली, ती आजतागायत तो माझ्या हाती लागू देत नाही.