वर्तुळं लहान ठेवण्याची पद्धत

माहितीचं चित्र काढलं की सत्य आपोआप समोर येतं, आणि त्यापुढे साहेब काय नि कारकून काय, सगळे सारखेच, असं आकडेवारीच्या बाईंना प्रशिक्षणात शिकवलं होतं. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं होतं. त्यातला निम्मा वेळ प्रोजेक्टर सुरू करण्यात गेला.

पाणीपुरवठा कार्यालयात बाईंचं टेबल खिडकीपाशी होतं आणि तेच आज धोक्यात होतं.

"मुख्यालयाच्या अध्यक्षबाई अकराला येतायत!" साहेब म्हणाले. साहेबांचं साधं बोलणंही दोन मजले ऐकू जाई. "तक्रारींचं ते हलतं चित्र भिंतीवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर उद्यापासून तुम्ही तळघरात. पाइप मोजा!"

"दिसेल, साहेब."

"आणि हलेल?"

"हलेल."

चित्र करायला बाईंना एक ओळही लिहावी लागली नव्हती. पडद्यावर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एक डबा तक्रारींची यादी वाचतो, दुसरा मोजतो, तिसरा शहराच्या नकाशावर वर्तुळं काढतो. तक्रारी जास्त तर वर्तुळ मोठं. पण यादी बदलायची आठवड्यातून एकदा, त्यामुळे वर्तुळं ढिम्म हलत नव्हती. पावणेअकराला बाईंना घरचं फूल आठवलं.

त्यांच्या नवऱ्याला गाण्याची हौस होती, गळा नव्हता. त्याच्या समाधानासाठी बाईंनी अशाच डब्यांचं एक फूल करून दिलं होतं. तो गायला लागला की घरच्या कंप्युटरवर पाकळ्या उमलत. "चला, कुणीतरी दाद देतंय," सासूबाई म्हणत. ती फाइल ऑफिसातूनही उघडत असे. बाईंनी तिच्यातला हलवणारा डबा घाईघाईत काढून आणला आणि वर्तुळांना जोडला. वर्तुळं डोलू लागली. का, ते बघायला वेळ नव्हता. मोबाइल बंद करून, लॅपटॉप घेऊन त्या सभागृहात जाऊन बसल्या.

"आमच्याकडे तक्रारी घटत चालल्यात!" साहेब गरजले.

भिंतीवरच्या वर्तुळांनी शहराचा उत्तर भाग गिळला.

"घटत! चालल्यात!"

दक्षिणही गेली.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "हे आत्ताचे आकडे आहेत?" त्यांचा आवाज मुळातच बारीक.

"अगदी क्षणाक्षणाचे," बाई म्हणाल्या आणि त्याच क्षणी त्यांना ती तार दिसली. हलवणारा डबा लॅपटॉपच्या माइकला जोडलेला होता. तक्रारींची यादी कोपऱ्यात एकटीच बसली होती. तार काढावी तर चित्र थांबणार, आणि मग तळघर. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चेहरा गंभीर केला.

"साहेब," हेडक्लार्क कुजबुजले, "तुम्ही बोललात की वाढतायत."

"मी? मी काय केलं?"

उपनगरंही गेली.

"हळू, साहेब, हळू!"

"बरं," साहेब पुटपुटले. वर्तुळं वाटाण्याएवढी झाली. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात हेडक्लार्कना शिंक आली आणि पूर्व विभाग बुडाला.

"तोंड धरा की! माणसं राहतात तिथे," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

सगळे गप्प झाले. साहेब रुजू झाल्यापासून त्या सभागृहात शांतता अशी ही पहिलीच. आणि त्या शांततेत शेजारच्या खोलीतला फोन ऐकू आला. ट्रिंग झालं की वर्तुळं उडत, थांबलं की बसत.

"हा कुठला फोन?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तक्रार कक्षाचा."

"रोज वाजतो?"

"कल्पना नाही, मॅडम," हेडक्लार्क म्हणाले. "ऐकू कधी आला नव्हता."

"मग उचला ना!"

साहेब स्वतः पळाले. घंटी थांबली. वर्तुळं निवांत झाली. साहेबांचा मऊ आवाज दारातून येत होता. "हो... समजलं... काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." त्यांनी नोंदवहीत लिहूनही घेतलं.

"फोन उचलला की तक्रार लहान होते," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "हे इतकं स्पष्ट मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं."

तीन तासांची बैठक वीस मिनिटांत आटोपली. टाळ्या वाजवायची हिंमत कुणाला झाली नाही. सगळ्यांनी नुसते हात हलवले. चित्र बाराही कार्यालयांत लावायचं ठरलं. बाईंची खिडकी कायम झाली. साहेब चवड्यांवर चालत अभिनंदनाला आले.

तेव्हापासून फोन पहिल्या घंटीला उचलला जाऊ लागला आणि महिनाभरात यादीतल्या तक्रारी खरोखरच निम्म्यावर आल्या. मध्ये एकदा बाईंनी प्रामाणिकपणे यादीची तार जोडून पाहिली. दुपारपर्यंत तीन लेखी अर्ज आले: चित्र बंद पडलं आहे, पूर्ववत करावं. त्यांनी पूर्ववत केलं.

पण बैठकीच्या दिवशी संध्याकाळी बाई घरी पोचल्या, तेव्हा नवरा दारातच उभा होता.

"तुझा मोबाइल बंद, म्हणून ऑफिसला लावला. काय नम्र माणूस आहे गं तिथे! किती हळू बोलतो!"

नोंदवहीत त्या तारखेला साहेबांच्या अक्षरात एकच नोंद आहे. तक्रार: फूल सकाळपासून उमलत नाही. शेरा: त्याच दिवशी निवारण.