कूलरचं तोंड

गेल्या वैशाखातल्या वादळात वरोऱ्याच्या नानाजींच्या घराची एक काच फुटली. काच दीडशे रुपयांची. पण तिचा नानाजींनी असा धसका घेतला, की त्यांनी चारही खिडक्या बदलायचं ठरवलं. खर्च एक लाख साठ हजार. बायकोच्या, गोकुळाबाईंच्या सोन्याच्या बांगड्यांसाठी पाच वर्षं साठवलेले पैसे त्यात गेले.

"ताशी दोनशेचं वारं आलं तरी ढिम्म हलणार नाही, काका!" विक्रेता चंद्रपूरहून येऊन सांगून गेला होता. असलं वारं वरोऱ्यात कोणाच्या पणजोबानेही पाहिलं नव्हतं. जुन्या सागवानी खिडक्या नानाजींनी शेजारच्या मनसारामला पाचशेत देऊन टाकल्या. "ने, तुह्या गोठ्याले होतील," हेही वर ऐकवलं.

मग यंदाचा मे महिना आला. पारा सेहेचाळीसवर गेला. नानाजींनी कूलर बाहेरच्या स्टँडवर चढवला आणि कपाळाला हात लावला. जुन्या खिडकीचे पल्ले सताड उघडायचे, कूलर चौकटीत चपखल बसायचा. नवी खिडकी सरकून अर्धीच उघडायची.

"कूलर कुठी बसते, इचारलं नाई काय त्याले?" गोकुळाबाई कडाडल्या.

"तो वादळाचं सांगून राह्यला होता!"

"अन् आपन वर्सातून किती दिवस वादळात झोपतो?"

चार दिवस कूलर घरातच चालवला. पापड सादळले, गाद्या सादळल्या, नानाजीही सादळले. शेवटी कूलरच्या तोंडाएवढी काच कापायला त्यांनी काचवाल्या लच्छूला बोलावलं.

"भाऊ, हे काच कापत नाई. फुटते."

"तुले काम येत नाई म्हन! काप!"

लच्छूने खांदे उडवून रेघ मारली. दोनशेच्या वाऱ्याला दाद न देणारी काच साबुदाण्यासारखी फरशीभर पसरली. वादळाचा अजून पत्ता नव्हता.

नाक मुठीत धरून नानाजी बायकोसह मनसारामकडे गेले. त्याच्या हॉलमध्ये त्यांचीच सागवानी खिडकी, तीत कूलर, आणि समोर मनसाराम पांघरूण घेऊन बसलेला.

"एक खिडकी वापस दे, बापा."

"भिंतीत पक्की बसवली, भाऊ. आता नाई निघत." मनसारामने विचार केला. "पन तुमच्या त्या नव्या तीन काढनार असान, त मी नेतो. पाचशे देतो. गोठ्याले होतील."

नानाजींनी तोंड उघडायच्या आत गोकुळाबाईंनी काचेच्या बांगड्यांचा हात पुढे केला.

"नगदी दे. माह्या हातात."