अठरा वर्षांची नाइट ड्यूटी

मुकुंद आपटे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी पायांकडे. आणि नुसता बघत नाही, खिशातला पेनाएवढा टॉर्च काढून बघतो. सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, नवव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी त्यानं माझ्या पायांवर टॉर्च मारला, तेव्हा मला ऑस्ट्रेलियात येऊन तिसरा दिवस होता. पायांत रबरी चपला होत्या. त्यानं खेदानं मान हलवली आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणाला, "सॉरी. नॉट टुनाइट."

मी दूध आणायला निघाले होते.

"मेल्याला सकाळीच भोवळ आली की काय," मी पुटपुटले. तसा टॉर्च विझला. "अहो, तुम्ही मराठी?" म्हणत हा गृहस्थ तिथल्या तिथे वाकून माझ्या पाया पडला. पण वाकल्यावरही चपलांकडे एक नाराज नजर टाकल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

संध्याकाळी माझ्या नातीनं, इरानं, खुलासा केला. "आजी, ही इज लिटरली अ बाउन्सर!"

बाउन्सर म्हणजे क्लबच्या दारातला पहिलवान, एवढं मला ठाऊक होतं. गोल्ड कोस्ट हे गावच तसं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कसिनो, आणि मधल्या रस्त्यांवर दिवस मावळला की नाचगाण्याचे क्लब. माझी मुलगी मंजू मात्र तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवते. क्लब दिसला की ती गाडीच्या काचा वर करते. बाजूच्या फ्लॅटमधला मुकुंद बघून मला पहिलवानाचा काही अंदाज लागेना. पन्नाशीला टेकलेला, बिनलग्नाचा, आणि अंगानं असा की धुऊन वाळत घातला तर चिमटा लावावा लागेल. क्लबच्या दारात त्याच्या दोन्ही बाजूंना पॅसिफिक बेटांवरचे दोन आडदांड जवान उभे असत, आणि हा त्यांच्यामध्ये, दोन लोखंडी कपाटांच्या फटीत अडकलेल्या छत्रीसारखा.

"मारामारी ते करतात, माई," त्यानं मला समजावलं. "मी फक्त पाय बघतो. चप्पल असली तर परत. बूट असले तर चाल बघायची. तोंड खोटं बोलतं, पाय नाही बोलत. दोन घेतलेला माणूस बोलायला मंत्र्यासारखा बोलतो, पण त्याचा डावा पाय उजव्याला विचारून पडतो."

तिथं त्याला सगळे 'मॅक' म्हणत. मॅकनं नाही म्हटलं की नाही. त्याचं ते 'नॉट टुनाइट' मात्र क्लबच्या दारात थांबलं नव्हतं. दुसरी पोळी वाढायला गेले की ताटावर हात आडवा. "नॉट टुनाइट, माई." दुपारी एक वाजता! एकदा त्याच्याकडे सत्यनारायण होता, तर हा दारात, मुठीत ते माणसं मोजायचं टिकटिक यंत्र. वीस झाल्यावर एकविसाव्याला म्हणतो, "एक बाहेर आला की एक आत, मेट." आत गुरुजी पाचव्या अध्यायावर, आणि बाहेर जिन्यात प्रसादासाठी रांग. एक पंजाबी बाई तर हातावर शिक्का मारून घ्यायला मनगट पुढे करून उभी होती.

याच माणसाच्या कोटाच्या कपाटात मी एकदा चपलांचा ढीग बघितला. स्वस्तातल्या, रबरी, लाल-निळ्या, सगळ्या नव्या कोऱ्या.

"काय रे, जप्त केलेल्या का?"

तो लाजला. "पहाटे पोरी बाहेर पडतात ना माई, उंच टाचांनी पाय सोललेले असतात. सँडल हातात आणि पाय अनवाणी. रस्त्यावर बाटल्यांच्या काचा. म्हणून मी आपला एकेक जोड देतो." मग घाईघाईनं म्हणाला, "बाहेर जाताना. आत येताना नाही. रूल इज रूल."

मी फेब्रुवारीत आले होते, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये जग बंद पडलं, विमानं थांबली आणि मी या गावात अडकले ती दोन वर्षं. कसिनोचे दिवे विझले, क्लबांना कुलपं लागली. मुकुंद मंजूच्या सांगण्यावरून अधूनमधून मला फिरवून आणी. रस्ता एवढा मोकळा की ते लांब चोचीचे आयबिस पक्षी भर रस्त्यातून ऐटीत चालत. त्यातला एक क्लबच्या बंद दारासमोर घुटमळला. मुकुंदनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काळे बूट, पांढरा शर्ट. याला आत सोडावं लागेल."

पण हसता हसता त्याचं लक्ष घड्याळाकडे जाई, आणि मग चेहरा उतरे. महिनाभरानं मला कारण कळलं.

कराडला त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई एकटी राहत होती. मुकुंद अठरा वर्षांपूर्वी इकडे आला तेव्हा त्याला एका हॉस्पिटलात रात्रपाळीची नोकरी मिळाली होती. पेशंटच्या गाड्या ढकलायची. सहा महिन्यांत ती सोडून तो क्लबात लागला. आईला सांगायचं राहिलं.

"खोटं नाही बोललो, माई. फक्त बातमी जुनी राहिली."

"अठरा वर्षं?"

"विषय निघाला नाही."

रोज रात्री तीनला क्लब सुटे, साडेतीनला हा घरी येई. कराडात तेव्हा अकरा वाजलेले. आई जागी असे. फोनवर एकच प्रश्न: "पोचलास का रे?" हा म्हणे, "पोचलो." एवढं झालं की ती दिवा मालवणार.

आता कोरोना आला. आई दिवसभर टीव्हीवर हॉस्पिटलं बघत होती आणि आपला मुलगा त्या आगीत आहे असं धरून चालली होती. तिनं देवापुढे संकल्प सोडला: मुकुंद ड्यूटीवरून सुखरूप घरी पोचल्याचं कळल्याशिवाय रात्रीचं अन्न नाही. म्हणजे मधुमेहाची म्हातारी रात्री अकरापर्यंत उपाशी. आणि इकडे हा, कुठेही न गेलेला, साडेतीनपर्यंत सोफ्यावर डोळे ताणून बसलेला, घरी पोचल्याचा फोन करायला.

"अरे, मग फोन लवकर कर!"

"केला. तिथल्या संध्याकाळी सातला. तर म्हणते, एवढ्या साथीत लवकर कसं सोडलं? तुला लागण झालीय, तू मला फसवतोयस. मला कामाच्या ड्रेसमध्ये दाखव."

इथं एखाद्या शहाण्या बाईनं सांगितलं असतं की बाबा, खरं बोल. पण शहाणपणाशी माझं कधी जमलं नाही. मी म्हटलं, "दाखवू या की!"

हार्डवेअरच्या दुकानातून रंगाऱ्याचा पांढरा झगा आणला. डोळ्यांवर पोहायचा चष्मा, तोंडाला मास्क, हातांत भांडी घासायचे गुलाबी हातमोजे. आईला सांगायचं, आज दिवसाही जादा ड्यूटी लागलीय. पेशंट मी. त्याच्या बेडरूममध्ये गळ्यापर्यंत चादर ओढून पडले. एकच गोष्ट आम्ही विसरलो. क्लबातून मोडीत काढलेला आरशांचा गोळा त्यानं हौसेनं छताला टांगला होता. खिडकीतून ऊन आलं, गोळा फिरला, आणि माझ्या चादरीवरून चांदण्या धावायला लागल्या.

"ते काय चमकतंय?" कराडहून प्रश्न आला.

"मशीन आहे, आई. जंतू मारायचं."

"आणि ही कोण?"

"पेशंट."

"कपाळाला कुंकू आहे. आपल्यातली दिसते."

मी कण्हले. कण्हणं जरा जास्तच चांगलं झालं असावं, कारण म्हातारी कॅमेऱ्यात घुसून ओरडली, "ओ बाई! माझ्या मुलापासून लांब व्हा! तिकडं भिंतीकडं तोंड करून खोका!"

मी भिंतीकडे तोंड करून खोकले. खरं तर मी हसत होते, पण चादर हलत होती, तेव्हा कराडकरांना ते फुप्फुसाचं वाटलं.

आमचं नाटक फारच वठलं. पोराला त्या अवतारात बघितल्यावर आईनं सकाळचं जेवणही सोडलं. चौथ्या दिवशी तिथल्या शेजारणीचा फोन आला: आजींना चक्कर आली, साखर उतरली, देवघरापाशी पडल्या होत्या. थोडक्यात निभावलं. पण असं आणखी एकदा झालं तर निभावणार नाही.

मुकुंद माझ्यासमोर येऊन बसला. टॉर्च नाही, काही नाही. "माई, खरं सांगितलं तर ती लाजेनं मरेल. साऱ्या आळीत सांगते, माझा मुलगा हॉस्पिटलात आहे म्हणून. आणि नाही सांगितलं तर उपाशी मरेल."

तेव्हा मी त्याला माझी गोष्ट सांगितली, जी मंजूलाही नीट माहीत नाही. आमचे हे एका मोठ्या हॉटेलात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. रात्री लोक जेवत, नाचत, हे वाजवत. पगार चांगला, माणूस सोन्यासारखा. पण चोवीस वर्षांची मी, म्हणजे एक नंबरची दीडशहाणी. केसाला केस चिकटवून वेणी घालायची आणि नाक वर करून चालायची. डोंबिवलीत सगळ्या बिल्डिंगला मी सांगून ठेवलं होतं की हे टेलिफोन खात्यात नाइट ड्यूटीला असतात. अ‍ॅकॉर्डियनची पेटी? त्यात सरकारी उपकरणं! मग काय, खालच्या बर्वेबाई रोज दारात. "यांना सांगून माझा नागपूरचा ट्रंक कॉल जरा लवकर जोडून द्या ना." एकदा त्यांच्या जावेला दिवस गेल्याची बातमी यायची होती, आणि लाइन लागेना, तर आख्खी बिल्डिंग आमच्यावर रुसली. हे बिचारे मुकाट शिव्या खात होते. अकरा वर्षं त्यांनी तिथं वाजवलं, आणि मी एकदाही ऐकायला गेले नाही. कुणी बघेल म्हणून.

"आता कोण बघतंय, मुकुंदा?" मी म्हटलं. "बर्वेबाई गेल्या, हेही गेले. लाज तेवढी उरली. तिचं काय लोणचं घालू?"

तो उठला, कामावरचा काळा सूट घातला, टाय बांधला आणि दुपारी साडेतीनला, कराडच्या सकाळी अकराला, व्हिडिओ कॉल लावला. मला म्हणाला, "तुम्ही बसा. पण बाजूला. कॅमेऱ्यात नको, ती परत खोका म्हणेल."

त्यानं सगळं सांगितलं. एका दमात, शाळेत पाठ म्हणावा तसं. पलीकडे म्हातारी डोळे बारीक करून त्याच्या टायकडे बघत होती.

"म्हणजे तू दारात उभा असतोस?"

"हो, आई."

"आत काय चालतं?"

"नाचतात."

"आजारी कुणी असतं?"

"नाही. आजारी माणूस नाचायला कशाला येईल?"

"आणि आता ते पण बंद आहे?"

"मार्चपासून."

"तू घरात आहेस? मार्चपासून?"

"हो."

म्हातारी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आली. मुकुंदनं डोळे मिटून घेतले.

"गाढवा," ती म्हणाली. "मी रोज रात्री बसून देवाला सांगते, त्याच्या हॉस्पिटलात कुणाला मरू देऊ नको. केवढं काम लावलं मी त्याला!" मग पदरानं डोळे पुसले. "काल रात्रीचं पिठलं आहे. मी आता जेवते. ठेव फोन."

आणि फोन ठेवलाच तिनं.

आठवड्याभरात साखर ताळ्यावर आली. आळीत तिनं स्वतःच जाहीर केलं की माझ्या मुलाच्या कामावर कोरोना नाही, तिथं सगळे ठणठणीत लोक येतात. रात्री आठला जेवण, नऊला झोप. मुकुंद आनंदात होता. मला म्हणाला, "फार बरं झालं, माई. अठरा वर्षांनी म्हातारी वेळेवर झोपते." म्हणता म्हणता हातातला फोन उलटा-सुलटा करत राहिला. "आता साडेतीनला माणूस पोचला काय, न पोचला काय. सगळं सारखंच." आणि हसला. ते हसणं मला काही आवडलं नाही.

जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, क्लब उघडले, पण सरकारी अट अशी की नाचायचं नाही. बसून प्यायचं, बसून गाणं ऐकायचं. मॅकला पायांवरून काढून आतल्या लोकांना खाली बसवायच्या कामावर नेमलं. "खांदा हलला तर चालतो, माई, कंबर हलली की मी जायचं," तो मला सांगत होता. "एका टेबलावर आठ मुली. एकीला बसवलं की दुसरी उठते. मोदक तळताना फुटतात तसं."

कामावर निघाला तेव्हा मी दारातून टाटा केला. मग इराकडून फोनवर गजर लावून घेतला, सव्वातीनचा. सगळ्यांना मी सांगत असते की या वयात मला झोप लागत नाही. वास्तविक मी साडेआठला घोरते.

साडेतीनला लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. बाहेर पावलं, मग किल्ल्यांचा जुडगा. मी आमचं दार साखळीएवढं उघडलं. मुकुंद त्याच्या दारापाशी पाठमोरा उभा होता, टाय सैल केलेला.

"पाणी प्यायला उठले होते," मी म्हटलं. "पोचलास का रे?"

तो वळला नाही.

"पोचलो, माई."

"बरं," म्हणून मी दार लावलं आणि आत अंधारात उभी राहिले. त्याच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज यायला पुष्कळ वेळ लागला.