पाहुण्याचा पासपोर्ट फोटो

रडकी पोरं, रुसलेले नवरदेव आणि ऐन वेळी डोळे मिटणाऱ्या आजीबाई यांना ज्याने एका क्लिकमध्ये सरळ केलं, त्याला एक पाखरू काय जड जाणार? स्टुडिओवाले दाजी हे सासुरवाडीत भर पंगतीत बोलून गेले आणि तिथेच अडकले.

"दाजी, स्टुलावर बसवलेल्याचा फोटो काढणं वेगळं," त्यांचा पक्षीवेडा मेहुणा म्हणाला. "यंदा वसंतात अभयारण्यात एक दुर्मीळ पाहुणा उतरलाय. जो त्याला टिपेल, त्याचा फोटो प्रवेशद्वारावर लागणार, नावासकट. बघा जमतंय का."

"अभयारण्यवाल्यांना म्हणावं, माझ्या फोटोसाठी खिळा ठोकून ठेवा," दाजी म्हणाले.

सासऱ्यांनी घास हातातच ठेवून जावयाकडे पाहिलं. आता माघार घेणं म्हणजे जन्मभराची चेष्टा.

रविवारी सकाळी दोघं अभयारण्यात पोचले. तोफेएवढी लेन्स गळ्यात अडकवून मेहुणा झुडपांतून रांगू लागला. पिवळ्या पोटाचा पाहुणा या फांदीवरून त्या फांदीवर, आणि मेहुणा या काट्यांतून त्या काट्यांत. दाजी मात्र घडीचं स्टूल टाकून तळ्याकाठी बसून राहिले. गिऱ्हाईक दुकानात येतं, दुकानदार त्याच्यामागे पळत नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. आणि खरंच, मेहुण्याला कंटाळून पाखरू त्यांच्या पुढ्यातल्या फांदीवर येऊन टेकलं.

"हनुवटी किंचित वर," दाजी सवयीने पुटपुटले. "हलू नका. झालं."

पाखराने मान वर केली होती, असं ते आजही शपथेवर सांगतात.

फोटो असा उतरला की पीस न् पीस मोजून घ्यावं. मेहुण्याचे सगळे हललेले. दाजींना त्याची चक्क दया आली.

दुपारी दुकानात त्यांनी हौसेने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. विस्कटलेली पिसं बसवली, चोच उजळली. डोळ्याखाली एक काळा डाग दिसत होता, तोही पुसला. आजवर एकाही नवरदेवाच्या गालावर त्यांनी डाग राहू दिला नव्हता, हा तर खास पाहुणा! मग मूळ फोटोच्या जागीच तो सेव्ह केला आणि कॅमेऱ्यातले फोटो पुसून तो मोकळा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सासरे, बायको, मेहुणा असा लवाजमा घेऊन स्वारी अभयारण्याच्या कचेरीत हजर झाली. वनाधिकारी बाई फोटोकडे बघतच राहिल्या.

"फार सुंदर. पण हा तर इथला रोजचाच पक्षी. पाहुणा दिसतो अगदी असाच, फक्त त्याच्या डोळ्याखाली काळा डाग असतो. ओळखायची खूण तेवढी एकच."

"होता की," दाजी म्हणाले.

"होता म्हणजे?"

"मी पुसला."

बायकोने घाईने विचारलं, "अहो, आधीचा फोटो असेल ना कुठेतरी?"

"हाच तो आधीचा," दाजी बारीक आवाजात म्हणाले.

मग मेहुण्याने लाजत लाजत आपला त्यातल्या त्यात बरा फोटो पुढे केला. प्रवेशद्वारावर आज तोच लागलाय, खाली मेहुण्याचं नाव आहे. हललेल्या पिवळ्या पट्ट्यात पाखरू शोधावं लागतं, काळा डाग मात्र रस्त्यावरूनच दिसतो. दाजींसमोर विषय काढला तर ते ताठ मानेने सांगतात, "फ्रेम बघितलीत का? आपल्याकडची आहे."